पंख्याचा दोष नव्हता, दादूस

दादूस, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले, आणि मला तुझी आठवण येण्याआधी भीती वाटते. सकाळी डोळे उघडले की आधी भीती येते, मग लक्षात येतं की तू नाहीस. हे उलटं असायला हवं होतं. सख्ख्या भावासाठी रडायचं सोडून मी घाबरून बसले आहे, आणि घाबरल्यावर ज्याच्याकडे धावत जायची सवय होती तो तूच होतास.

परवा श्वेताचा फोन आला. तुझी लेक तुझ्यावरच गेली आहे, नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट मुद्दा. "आत्या, पुढच्या शनिवारी मी आणि पिहू बाबांची गाडी घेऊन निघतोय. आपल्या नातीला धबधबा दाखवायचं त्यांनी प्रॉमिस केलं होतं. आणि या रविवारी यासिनभाईंना बोलावलंय. छपरावरचं पंख्याचं भोक कायमचं बंद करून घेतेय. बाबांनीच सांगून ठेवलं होतं मला." मी 'बरं' म्हटलं. फोन ठेवला आणि दूध उतू जाऊन शेगडी विझेपर्यंत तिथेच उभी राहिले.

आज शनिवार. उद्या तुझ्या शेडमधले यासिनभाई येतील. म्हणून आजच हे लिहिते आहे. पस्तीस वर्षं पाचवीच्या पोरांना शिकवलं, फळ्यावर लिहिलं की डोक्यातला गुंता सुटतो असं त्यांना सांगत आले. बघू या माझा सुटतो का.

तू ती गाडी बांधायला घेतलीस तेव्हा अख्खा कोळीवाडा हसला होता. आयुष्यभर काळाचौकीच्या शेडमध्ये टेम्पोच्या बॉड्या बांधल्यास, आणि हात थांबवायच्या वयात म्हणे जीपच्या मागे ओढायची खोली बांधणार! दोन पलंग, एक शेगडी, एक मोरी, बाहेर टपाला जायची शिडी. वहिनी गेल्यानंतर तुला घर खायला उठायचं, हे मला कळत होतं. पण तू ते कधी बोलला नाहीस. तू म्हणालास, "बाय, तुला लग्न नाय करायचं होतं, तू नाय केलंस. पन तुला कोनी कुठे फिरवलं पन नाय. मी फिरवतो." मी तोंड वाकडं केलं आणि त्याच संध्याकाळी दादरला जाऊन दोन चादरी आणि एक टॉर्च घेऊन आले.

आपलं पहिलं भांडण त्या छपरावरून झालं. तू टपाच्या मधोमध चौकोनी भोक पाडलंस, त्यात पंखा बसवलास, आणि त्या भोकाला उघडझाप करायचं झाकण. मी विचारलं, पाऊस आला की? तू म्हणालास, झाकण लावायचं. मी म्हटलं, मग पंखा कशाला? झाकण लावून पंखा फिरवणं म्हणजे तोंड बंद करून गाणं. आठवड्याने मला शेडमध्ये बोलावून फायबरचं एक खोकं दाखवलंस. वरून बंद, कडेने पन्हाळीसारखं उतरतं, आणि मागच्या बाजूला जाळी लावलेल्या फटी. ते पंख्यावर उलटं बसवायचं. पाऊस वरून पडून ओघळून जातो, आणि आतली हवा मागच्या फटींतून बाहेर जाते. झाकण उघडं, पंखा चालू, पाऊस बाहेर. "तुझ्यामुळे सुचलं गो," म्हणालास. तू त्याला टोपी म्हणायचास. मी तुला त्याबद्दल कधी शाबासकी दिली नाही. शाळेत पोरांना रोज द्यायचे.

तरी मला ते पटायचं नाही. वर भोक आणि त्याच्यावर पाऊस, हे मला झेपतच नाही. आपण समुद्राच्या काठावर जन्मलो आणि मी पाण्याला भिते, यावरून तू मला लहानपणापासून छळलंस. पण माझी भीती मी कामाला लावली होती, ते तुलाही माहीत आहे. पावसाच्या आधी बाबा होड्या वर ओढायचे आणि आपल्याला दोरी धरायला बोलवायचे. ताडपत्री टाकायची, चारी बाजूंनी खाली ओढायची आणि अशी बांधायची की नारळी पौर्णिमेपर्यंत आत थेंब जाता कामा नये. तुझ्या गाठी बाबा पायाने ओढून बघायचे आणि सोडून परत बांधायचे. माझी गाठ त्यांनी एकदाही सोडली नाही. त्या घरात माझं कौतुक होण्याचं तेवढं एकच कारण होतं. म्हणून मला ते अजून आठवतं.

सहलीला निघताना मी दरवेळी एक मोठं प्लास्टिक घडी करून पिशवीत ठेवायचे. तू विचारायचास, हे कशाला? मी म्हणायचे, असू दे. तू हसायचास. "बाय, ही होरी नाय गो. होरी बांधतात तवा आत कोन नसतं."

हे होडीचं वाक्य तू एकदा नाही, दहा वेळा म्हणाला असशील.

दादूस, मला चांगलंही आठवू दे थोडं, नाहीतर पुढचं लिहवणार नाही. माटुंग्याला तुझ्या मित्राच्या सोसायटीत गाडी उभी केली होती आपण, दोन दिवसांसाठी. दुपारी तुला सुक्या बोंबलाची हुक्की आली. मी म्हटलं, अरे, इथे नको. तू म्हणालास, आपल्या घरात आपण खातो. तू पंखा लावलास, तवा ठेवलास, आणि दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा बनियनवर खाली आले. हात जोडून म्हणाले, "अहो, आमच्या देवघरात बोंबील आलाय." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तू त्यांच्या पाया पडलास, तवा उतरवलास, आणि ते गेल्यावर मला म्हणालास, "तिसऱ्या मजल्यावर! पंखा काम करतो याचा अजून काय पुरावा पायजे तुला?" त्या दिवशी मी इतकी हसले की ओढणीने तोंड बांधून घ्यावं लागलं.

तो पुरावा होता, दादूस. तो माझ्याकडे कायम होता. आणि मी तुला त्याची वर्षभर आठवण करून दिली नाही.

आता ते सांगते.

मागच्या श्रावणात आपण मुरबाडच्या पुढे गेलो होतो. गावच्या शाळेच्या पटांगणात गाडी लावायची परवानगी मीच मिळवली, माजी शिक्षिका म्हणून. दुपारी जेवलो आणि तू आडवा झालास. बाहेर वाऱ्याने पाऊस तिरका मारत होता. मी खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. पंखा चालू होता. आणि तुझ्या टोपीच्या मागच्या फटीतून वाऱ्याबरोबर दोन-तीन थेंब आत आले आणि तुझ्या पायांवर पडले. नुसते थेंब. तू झोपेत पाय आखडून घेतलास. मला ते बघवलं नाही. मला वाटलं आता हे वाढणार, गादी भिजणार, तुला ताप येणार. माझ्या डोक्यात काही सुरू झालं की ते कुठपर्यंत जातं तुला माहीत आहे. तुला उठवलं असतं तर तू हसला असतास. म्हणून मी तुला उठवलं नाही.

मी पिशवीतलं प्लास्टिक काढलं, कपडे वाळत घालायची सुती दोरी घेतली, शिडीने टपावर चढले आणि तुझ्या टोपीवर ते टाकून बांधलं. चारी बाजूंनी, खाली ओढून. बाबांनी सोडली नसती अशी गाठ मारली. खाली आले, दार लावलं, केस पुसले. थेंब थांबले होते. मला इतकं बरं वाटलं! संध्याकाळसाठी वाल शिजायला ठेवले, शेगडी बारीक केली आणि मीही आडवी झाले.

दरवर्षी पाचवीच्या वर्गात मी मेणबत्ती पेटवून तिच्यावर ग्लास उपडा घालायचे. ज्योत लहान होते, लहान होते आणि विझते. पोरं आ करून बघायची. मी विचारायचे, का विझली? सगळे हात वर. पस्तीस वर्षं, दादूस.

त्यानंतर मला आठवतो तो चिखल. तोंडात चिखल, आणि तुझा हात माझ्या काखेत. तुला डोकं फुटेल असं दुखून जाग आली, उभं राहता येईना, रांगत दारापर्यंत गेलास, दार ढकललंस आणि मग परत आत आलास. परत आत आलास, माझ्यासाठी. मला फरफटत बाहेर काढलंस आणि चाकाला धरून उलट्या करत बसलास. मला गरगरत होतं, आणि मी वर बघितलं. प्लास्टिक फुगून ताठ झालं होतं. त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि दादूस, मी तुझी पाठ चोळायला आले नाही. आत वाकून मासे चिरायची सुरी घेतली, शिडीवर चढले, दोरी कापली आणि प्लास्टिक पिशवीत कोंबलं. तू मान वर केलीस तोवर तिथे काही नव्हतं. तुझी टोपी होती आणि तिच्याखाली पंखा फिरत होता.

मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, बंद जागेत शेगडी जळत राहिली की विषारी वायू साठतो, दोघे वाचलात हे नशीब. मग त्यांनी विचारलं, "हवा बाहेर जायला वाट होती का?" तू म्हणालास, "होती ना. वर पंखा चालू होता." डॉक्टर म्हणाले, "मग पंख्याने काम केलं नसेल." ती पिशवी माझ्या मांडीवर होती. प्लास्टिकचं पाणी झिरपून माझी साडी ओली होत होती.

मी तेव्हा का बोलले नाही? मी स्वतःला खूप कारणं दिली आहेत. खरं कारण एकच, मी घाबरले. तू रागावशील याला नाही, तू कधी रागावलास? तू मला परत कधी बरोबर नेणार नाहीस याला घाबरले. त्या गाडीतल्या पुढच्या सीटवर बसले की मला वाटायचं, आपलंही कोणी आहे.

आणि झालं काय, तर तू गाडीच बाहेर काढेनास.

वर्षभर तू त्या पंख्याशी झगडलास. टोपीखाली वायसर घालून ती वर उचललीस. फटी रुंद केल्यास. जाळी काढलीस, परत लावलीस. मला शेडमध्ये बोलावून गाडीत स्टुलावर बसवायचास, दार-खिडक्या लावायचास, पंखा चालू करून खाली उदबत्ती धरायचास. धूर सरळ वर जायचा, भोकातून बाहेर. दरवेळी. तू माझ्याकडे वळून म्हणायचास, "बघ गो. जातो ना? मग त्या दिवशी का नाय गेला?" मी म्हणायचे, "मला काय ठाऊक." चहा पुढे करायचे. असा किती वेळा चहा दिला असेल मी तुला?

एकदा तू उदबत्ती विझवलीस आणि तशीच हातात धरून बसलास. म्हणालास, "बाय, मी तुला मारली असती गो." आणि रडलास. बाबा गेले तेव्हा न रडलेला माणूस. सांगायला मी तोंड उघडलंही होतं. मग मी म्हटलं, "वेडा आहेस का, दादूस, झालं गेलं गंगेला मिळालं." तो दिवस मला परत मिळाला तर बाकीचं काही नको.

यासिनभाईंनी एका गिऱ्हाइकासाठी तशीच टोपी बनवून मागितली, तू नाही म्हणालास. "माझ्या हातचं छप्पर नको कोनाला." चाळीस वर्षं बॉड्या बांधलेल्या माणसाने हे म्हणायचं, आणि ते मी ऐकून घेतलं.

मग एका सकाळी दाढी करताना तू खाली बसलास आणि उठला नाहीस. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, वर्षापूर्वी असं असं झालं होतं, त्याचा काही संबंध? ते म्हणाले, नाही. मी थोड्या वेळाने परत विचारलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. अजूनही मला वाटतं की ते मला बरं वाटावं म्हणून बोलले.

तू सुटलास असं म्हणायची सोय असती तर मी म्हटलं असतं. पण तू जाण्याआधीच श्वेताला ते भोक बंद करायला सांगून ठेवलं होतंस. तुला वाटलं, फसवा पंखा असण्यापेक्षा नसलेला बरा. दादूस, ती पोर पावसात पिहूला घेऊन चालली आहे. जावई बोटीवर, तो दिवाळीला येणार. पिहूला जरा वारा लागला की सर्दी होते, म्हणून श्वेता सगळ्या खिडक्या लावून घेणार. पिहू झोपताना दूध घेते, म्हणून शेगडी पेटणार. आणि वर काहीच वाट नसणार. मी डोळे मिटले की मला मुरबाडचं पटांगण दिसतं, आणि दार ढकलायला तू नसतोस.

मी पळवाटा शोधून बघितल्या. खोटं बोलणार नाही तुझ्याशी, आता तरी. काल श्वेताला फोन करून म्हटलं, "अगं, कशाला बंद करतेस, असू दे की पंखा." ती म्हणाली, "आत्या, प्लीज. बाबांना त्यातलं कळत होतं. तुला त्या पंख्याची पहिल्यापासून भीती, आणि आता तूच म्हणतेस राहू दे?" मग यासिनभाईंना फोन केला. ते म्हणाले, "दीदी, दादूसची शेवटची गोष्ट आहे. मेरे को मत बोलो, मैं नहीं टालूँगा." बरोबरच आहे त्यांचं. तुझ्या शब्दाला अजून एवढी किंमत आहे, आणि तो शब्द माझ्या खोटेपणातून आलेला आहे.

म्हणजे उद्या मला सांगावं लागणार. श्वेता माझ्याशी परत बोलेल का, पिहू मला 'शोभाआजी' म्हणून हाक मारेल का, माहीत नाही. त्या दोघींशिवाय मला आता कोणीच नाही. ते प्लास्टिक अजून माझ्याकडे आहे, तांदळाच्या डब्यामागे. फेकून द्यायचीही हिंमत झाली नव्हती. आत्ताच काढून पिशवीत ठेवलं आहे. अक्षर बघ माझं.

*

रविवार, संध्याकाळ.

दादूस, मी गेले होते. चढाव नसतानाही धाप लागत होती. शेडच्या बाहेर तुझी गाडी पावसात उभी होती. यासिनभाई शिडीला पत्रा टेकवून सिलिकॉनची नळी कापत होते, पिहू छत्री फिरवत होती आणि श्वेता आत पलंगावरच्या गाद्या उचलून बघत होती. मी आत गेले, तिच्यासमोर प्लास्टिक ठेवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलं तसं, पण फार वाईट तऱ्हेने, मागचं पुढे आणि पुढचं मागे.

तिने हातातली गादी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"वर्षभर?"

"वर्षभर."

"आत्या, ते मला फोनवर काय म्हणायचे माहितेय तुला? म्हणायचे, शोभाला मी मारली असती. मी म्हणायचे, बाबा, सोडा ना आता. ते म्हणायचे, कसं सोडू, तिचा भरवसा होता माझ्यावर." तिचा आवाज चिरला. "आणि तू तिथे बसून त्यांना चहा देत होतीस."

मी म्हटलं, "हो."

ती उठली. मला वाटलं, आता मला जा म्हणणार. तिने तुझ्या ड्रॉवरमधून उदबत्तीचा पुडा काढला. अर्धा उरला होता. "हे प्लास्टिक घे," म्हणाली. "वर चढ आणि बांध. तशीच बांध."

"श्वेता, नको गं."

"मला बघायचंय. तुझ्या शब्दावर मी पिहूला झोपवू आत? बांध."

तिने पिहूला यासिनभाईंकडे दिलं, खिडक्या लावल्या, पंखा चालू केला आणि दार आतून ओढून घेतलं. आत नुसती उदबत्ती होती, शेगडी नव्हती, हे मला कळत होतं. तरी ती आत आणि मी बाहेर दोरी घेऊन, या नुसत्या कल्पनेने मला शिडी चढवेना. यासिनभाईंनी शिडी धरली. मी टपावर गुडघे टेकले, तुझ्या टोपीवर प्लास्टिक टाकलं आणि चारी बाजूंनी ओढून बांधलं. गाठ चुकली नाही. ती आयुष्यात चुकलेली नाही. प्लास्टिक फुगलं, ताठ झालं. खालून पंख्याचा आवाज बदलला, गुदमरल्यासारखा घोगरा झाला. तो आवाज मुरबाडलाही झाला असणार, आणि मी केस पुसत होते.

आतून श्वेता म्हणाली, "धूर इथेच आहे. खाली येतोय." मग खोकली. मग म्हणाली, "बस. सोड."

दादूस, गाठ सुटेना. दोरी पावसात भिजून आवळली होती. मी नखं लावली, दात लावले. आतून ती परत खोकली. तिला नुसतं दार ढकलायचं होतं, एवढंही मला सुचलं नाही. मी ओरडायला लागले, "श्वेता, बाहेर ये, श्वेता, बाहेर ये गं!" पिहू घाबरून रडायला लागली. यासिनभाईंनी खालून पत्र्याची कात्री वर दिली. मी ती दोन्ही हातांनी धरून दोरी कापली आणि ते प्लास्टिक ओढून खाली फेकलं, चिखलात.

आणि तुझ्या टोपीच्या मागच्या फटींतून धूर आला. सगळाच्या सगळा, एकदम, माझ्या तोंडावर. मोगऱ्याची उदबत्ती, तुझी नेहमीची. वरून पाऊस पडत होता, टोपीवरून ओघळून जात होता, आणि खालून धूर येतच होता, सरळ, जसा तू म्हणायचास तसा. मी तिथेच टपावर बसून राहिले.

आतून श्वेताने विचारलं, "आत्या, आला का गं वर?"

ती परत म्हणाली, "आत्या? आला का?"

मग मी बोलले. तिला ऐकू जाईल त्याहून कितीतरी मोठ्याने बोलले, खालचे यासिनभाई दचकले. म्हटलं, "आला! पंख्याचा दोष नव्हता, दादूस. पंख्याचा काही दोष नव्हता."